जर्नल तिचं, कीबोर्ड त्याचा

मागच्या अंकात बारावीनंतरच्या अ‍ॅडमिशनवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता पाऊस पडलाय, व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारूच नका. गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर फिरतायत, मुली आणि कॉम्प्युटर. त्यातली पाच घेतलीयेत, नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

ताई, मुलीला सीईटीला ९४ पर्सेंटाइल मिळालेत. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय आणि पुण्याला जायचंय. घरात सासरे आणि दीर म्हणतात की इथेच बीसीए कर, तेही कॉम्प्युटरच की, पैसे धाकट्याच्या शिक्षणाला राहू दे. मिस्टर मधल्यामध्ये गप्प. काय करू?
बार्शीहून एक आई

आधी एक सांगा, धाकट्याला ९४ पडले असते तर 'तेही कॉम्प्युटरच की' असं कोणी म्हटलं असतं का? बीसीए वाईट नाही हो, माझ्या ओळखीत बीसीए करून उत्तम नोकरीला लागलेल्या मुली आहेत, पण ते तिने निवडलेलं असावं, पुण्याचं भाडं वाचवायला तिच्या गळ्यात घातलेलं नसावं.

आता पैशाचं बघू, कारण घरात भांडण खरं तिथेच आहे. ८ जुलै २०२४ च्या जीआरनुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, आधी ती निम्मी होती. पण अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, झालेलं पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर हे विसरा. आणि हॉस्टेल मेस यात धरलेलं नाही, तो खर्च आहेच, ते सासऱ्यांपासून लपवू नका. शिवाय एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती स्कॉलरशिप आहे, निवड झाली तर वर्षाला ५० हजार, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, उत्पन्नाची अट तीच ८ लाखांची. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागत असेल तर नॉन क्रीमीलेअर, हे आत्ताच काढून ठेवा, ऐन राउंडमध्ये सेतू केंद्रासमोर जी रांग लागते ती मी बघितलीये.

आणि एक, ऑप्शन फॉर्म भरताना मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडाल ना, त्यात जी ने सुरू होणारे कोड असतात आणि एल ने सुरू होणारे. एल म्हणजे लेडीज, राज्याच्या ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत त्या. खूप पालक फक्त जी ची ओळ बघतात, 'इथे आपलं होणार नाही' म्हणून चांगलं कॉलेज यादीतूनच काढून टाकतात. दोन्ही ओळी बघा. मुलींचंच कॉलेज हवं असं सासऱ्यांचं म्हणणं असेल तर पुण्यात कर्वेनगरला महर्षी कर्वे संस्थेचं कमिन्स आहे, १९९१ पासूनचं, मुंबईत जुहूला एसएनडीटीचं उषा मित्तल आहे. कमिन्सचा कॉम्प्युटरचा कटऑफ मात्र चांगलाच वर असतो, तेवढ्या एकावर विसंबू नका. आणि मिस्टरांना म्हणावं, गप्प बसणं हे पण एक मतच झालं.

मी सेकंड इयर कॉम्प्युटरला आहे. वर्गातल्या दोन तीन मुलांना शाळेपासून कोडिंग येतं, सरांनी प्रश्न पूर्ण विचारायच्या आधी यांचं उत्तर तयार. प्रॅक्टिकलला आम्ही तिघं एका पीसीवर, कीबोर्ड कायम आमच्यातल्या मुलाकडेच. पेपरला मला मार्क बरे पडतात पण आतून वाटतं की हे माझं फील्डच नाही. सोडून देऊ का?
सांगलीहून एक मुलगी

नको सोडूस. आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये, तुझं पत्र वाचून मला माझीच लॅब आठवली म्हणून म्हणतेय.

मी १८ वर्षं एका कॉलेजात प्रॅक्टिकल घेतली, नाव घेत नाही. दृश्य दर आठवड्याला तेच. एका पीसीसमोर तीन स्टुलं, मधल्यावर मुलगा, दोन्ही बाजूंना दोन मुली. एक जण वहीतून प्रोग्रॅम वाचून दाखवतेय, दुसरी जर्नलमध्ये पट्टीने फ्लोचार्टचे चौकोन आखतेय. एरर आली. मला मागून दिसतंय की वाचणारीला चूक सापडलीये, तिने स्क्रीनवर बोट पण ठेवलंय, 'अरे इथे, सेमीकोलन,' आणि हा म्हणतो 'थांब गं' आणि खाली स्क्रोल करत सुटतो. पाच मिनिटांनी फिरून त्याच ओळीवर येतो, सेमीकोलन टाकतो, प्रोग्रॅम चालतो. आणि मग लॅबभर काय पसरतं, तर त्याला येतं. तिचं बोट कोणाच्याच लक्षात राहत नाही, बहुतेक तिच्यासुद्धा.

आणि मी काय करत होते? जर्नल तपासत होते. इंडेक्स आहे का, सर्टिफिकेटचं पान लावलंय का, अक्षर छान, टिक. कितीतरी वर्षं मला यात काही खटकलंच नाही गं. नंतर कधीतरी नियम केला की दर २० मिनिटांनी जागा बदलायची, मधल्या स्टुलावर पाळीपाळीने बसायचं. पोरांनी कुरकुर केली, खरं सांगायचं तर दोन मुलींनी पण केली, 'मॅडम त्यालाच करू दे, लवकर होतं.' लवकर होतं हे खरंच होतं, त्याचंच तर सगळं दुखणं आहे.

तुला वाटतंय तसंच अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीतल्या मुलींना वाटायचं, ती तर कॉम्प्युटरची पंढरीच. १९९५ साली तिथे कॉम्प्युटर सायन्सला नव्याने आलेल्यांत मुली होत्या फक्त ७ टक्के. जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर या दोघांनी तिथल्या मुलामुलींशी काही वर्षं बसून सविस्तर बोलून घेतलं. तर निघालं काय, मुलं लहानपणापासून मशीनशी खेळून आलेली आणि मुलींना वाटायचं हे यांचं जन्मजात टॅलेंट आहे, आपल्यात ते नाही. असायचा तो फक्त आधीचा सराव. मग युनिव्हर्सिटीने प्रवेशाला आधीच्या प्रोग्रॅमिंगचं वजन कमी केलं, सुरुवातीचे कोर्स वेगवेगळ्या लेव्हलचे केले, अजून बऱ्याच गोष्टी केल्या, आणि २००० साली नव्या बॅचमध्ये मुली ४२ टक्के. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजने नंतर असंच काहीसं केलं, आधी कोडिंग केलेल्यांची बॅच वेगळी, न केलेल्यांची वेगळी, आणि वर्गात सारखं मीच मीच करणाऱ्या पोरांना सर नंतर बाजूला घेऊन सांगायचे की बाबा रे तुझे प्रश्न मला केबिनमध्ये येऊन विचार. तुझ्या सरांना हे कात्रण दाखवायला माझी काही हरकत नाही.

सर ऐकतील तेव्हा ऐकतील, तू काय करशील? पुढच्या प्रॅक्टिकलला पाच मिनिटं आधी जा आणि मधल्या स्टुलावर बस. एवढंच. 'आज मी टाइप करते, तू वाच.' भांडायची गरज नाही. तुझ्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे का ते लिहिलं नाहीस, नसेल तर लॅब मोकळी असते तो तास शोध आणि शिकवलेला प्रोग्रॅम तिथे एकटीने पहिल्यापासून टाइप कर, कॉपी पेस्ट न करता. आणि फायनल इयरला प्रोजेक्टचा ग्रुप होईल तेव्हा 'तुझं इंग्लिश छान आहे, तू रिपोर्ट आणि पीपीटी बघ' हे गोड वाक्य येईल, येतंच, त्याला नाही म्हण. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवतात त्या वेबसाइटवर, कोणता बदल कोणाच्या नावाने आहे ते जन्मभर दिसतं, आणि इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न असतो की यातलं तू काय लिहिलंस.

मी ९८ साली बीई कॉम्प्युटर झाले, कोल्हापूरकडची. आमच्या वर्गात मुली भरपूर होत्या, कोणाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. माझी लेक इथे हायस्कूलमध्ये एपी कॉम्प्युटर सायन्सला (शाळेतच घेता येणारा कॉलेजच्या लेव्हलचा कोर्स) आहे, अख्ख्या वर्गात तीनच मुली, आणि तिला तो कोर्स सोडायचाय. एवढ्या पुढारलेल्या देशात हे असं कसं?
न्यू जर्सीहून एक वाचक

पुढारलेपणाचा आणि याचा फारसा संबंध नाही हो. तुमच्या त्या देशात सुरुवात तर बायकांनीच केली होती, १९४६ साली लोकांसमोर आलेल्या एनिआक या सुरुवातीच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं. पुढे १९८४ च्या आसपास तिथे कॉम्प्युटरची डिग्री घेणाऱ्यांत ३७ टक्के मुली होत्या, आणि तिथून जी घसरण लागली ती साधारण १८ पर्यंत, आता कुठे २० च्या थोडी वर. मुलींचा मेंदू काही १९८४ ला बदलला नाही. त्याच सुमारास पीसी घरात आला, जाहिरातीत मुलगा आणि बाप, आणि घरातला पीसी गेला मुलाच्या खोलीत. मग कॉलेजातले सर हळूहळू धरूनच चालायला लागले की येणाऱ्याला थोडंफार येतंच.

आणि तुमच्या वर्गात मुली का होत्या? मला विचाराल तर आपण फार सुधारलेले होतो म्हणून नव्हे. एक म्हणजे कॉम्प्युटर हे एसीतलं, खुर्चीतलं, मुलीला 'बरं' असं काम. ज्या बापाने मेकॅनिकलला, वर्कशॉपच्या ग्रीसला नको म्हटलं त्यानेच कॉम्प्युटरला हो म्हटलं. मलेशियात पण बरंच असंच, तिथे कॉम्प्युटरच्या वर्गात निम्म्या मुली असणं काही नवल नाही. दुसरं कारण म्हणजे आपल्यात कोणाच्याच घरी कॉम्प्युटर नव्हता. आठवतंय ना, लॅबबाहेर चपला काढून आत जायचं, फ्लॉपी सांभाळायची? मुलगा काय, मुलगी काय, दोघांनीही माउस पहिल्यांदा तिथेच धरला. सगळे शून्यावर.

ते शून्य आता इथेही राहिलं नाही. लॅपटॉप घरात आलाय आणि बहुतेक घरांत तो 'दादाचा' आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधीतरी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७ टक्के आणि बायका ३३ टक्के निघाल्या. म्हणजे तुमच्याकडे चाळीस वर्षांपूर्वी झालं ते इथे आत्ता व्हायला लागलंय अशी मला भीती आहे, वरचं सांगलीचं पत्र बघा की. लेकीला 'चिकाटी ठेव' वगैरे भाषण देऊ नका, तुम्ही स्वतः इंजिनिअर आहात, रविवारी तिच्यासोबत बसून एक छोटं काहीतरी बनवा, आणि त्या उरलेल्या दोघींना घरी बोलवा, थालीपीठ करा.

आयआयटीत मुलींना जादा जागा देऊन हुशार मुलांवर अन्याय होतो. मुलींना आवड असती तर त्या आपोआप आल्या असत्या.
नागपूरहून एक पालक

मुलाचं थोडक्यात हुकलं असेल असं पत्रावरून वाटतंय, वाईट वाटतं. पण हिशोब नीट करू. २०१८ पासून आयआयटीत मुलींसाठी ज्या जागा आल्या त्या आधीच्या जागांवर वाढवलेल्या आहेत, मुलांच्या खुर्च्या कमी करून दिलेल्या नाहीत. २०१६ ला तिथे प्रवेश घेणाऱ्यांत मुली जेमतेम ८ टक्के होत्या, मग १४, १७ करत २०२० ला २० टक्क्यांवर आलं. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड त्यांनाही पास व्हावीच लागते. मुलींच्या यादीत शेवटचा रँक खाली जातो हे तुमचं म्हणणं खरं आहे, ते मी नाकारत नाही.

आवडीचं मात्र पटत नाही. आयआयटीचा रस्ता कसा जातो तुम्हाला माहितीये, दहावीनंतर कोटा नाहीतर लातूर, रूम घेऊन राहायचं, नाही झालं तर एक वर्ष ड्रॉप. तुमच्या सोसायटीत मोजा, किती मुलांनी ड्रॉप घेतला आणि किती मुलींना घेऊ दिला. मुलाचा ड्रॉप म्हणजे तयारी आणि मुलीचा ड्रॉप म्हणजे वर्ष वाया, वर शेजारचे विचारणार हल्ली घरीच असते का.

मी तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. दहा कॉम्प्युटर आलेत, पण खोलीला कुलूप आणि किल्ली क्लार्ककडे, 'पोरी बिघडवतील' म्हणून. उघडते फक्त इन्स्पेक्शनला. कुठून सुरुवात करू?
परभणी जिल्ह्यातून एक शिक्षिका

किल्लीपासूनच. मुख्याध्यापकांना एका ओळीचा अर्ज द्या की शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास खोली माझ्या जबाबदारीवर उघडी राहील, आणि त्यावर सही घ्या, तोंडी हो चालणार नाही. कोर्स, सॉफ्टवेअर, ट्रेनर हे सगळं नंतर बघू. पहिल्या शनिवारी नुसतं चालू बंद करू दे, पेंटमध्ये चित्रं काढू दे, आपापलं नाव मराठीत टाइप करू दे. एका मशीनवर दोघींच्या वर नको, आणि अर्ध्या तासाने जागा बदला. एखादा माउस बिघडेलच, तेवढे पैसे शाळेच्या किरकोळ खर्चात आधीच धरायला सांगा. क्लार्कने काय कारण सांगितलं ते मला कळवा, मला उत्सुकता आहे.