एकटा जीव आणि दोन चाके: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात लांब पल्ल्याच्या सायकलिंगवर लेख प्रसिद्ध झाला, त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकट्याने राहणाऱ्या वाचकांची आहेत. कोणी अविवाहित आहेत, कोणी जोडीदार गमावलेले आहेत, आणि बहुतेकांनी आपल्या मोकळेपणाविषयी थोड्या संकोचानेच लिहिले आहे. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: मी ३२ वर्षांचा असून पिंपरीतील एका कारखान्यात अभियंता आहे. यंदा सुपर रॅन्डोनर मालिका पूर्ण करण्याचा मानस आहे. घरी लग्नाचा विषय निघाला की मी तो टाळतो. सध्याचे मोकळे आयुष्य मला आवडते, पण तसे उघडपणे म्हणताना अपराधी वाटते. सायकलिंगच्या दृष्टीने एकटे असण्याचा खरोखर फायदा असतो, की मी स्वतःला पळवाट शोधून दिली आहे?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर: फायदा खरा आहे आणि तो तासांत मोजता येतो. आपण म्हणता त्याच मालिकेचा हिशेब पाहू. तिच्यात चार ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या चार लांब राइड, एकाच हंगामात कराव्या लागतात. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास अशी मुदत असते. चारही मुदती मिळवल्या की शंभर तासांवर बेरीज जाते. यात सराव आला नाही, ब्रेव्हेच्या आदल्या संध्याकाळी लवकर झोपणे आले नाही, की नंतरचे थकव्याचे एकदोन दिवसही आले नाहीत. ६०० ची ब्रेव्हे शनिवारी पहाटे पाचला सुरू झाली, तर तिची मुदत रविवारी रात्री नऊला संपते. म्हणजे अख्खा शनिवार-रविवार सायकलवर जातो आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर व्हायचे असते.

भरल्या घरात हे तास रिकामे पडलेले नसतात. त्या वेळात कोणीतरी मुलांना क्लासला सोडते, आजारी सासऱ्यांच्या औषधांकडे पाहते, पाहुण्यांचा स्वयंपाक करते. विवाहित सायकलस्वारही या मालिका पूर्ण करतात आणि उत्तम करतात, परंतु त्यांच्या पदकात घरातल्या दुसऱ्या माणसाच्या रविवारांचा वाटा असतो, आणि तो वाटा बहुतेक वेळा पत्नीचा असतो. याविषयी आपल्या सायकल गटांत फारच कमी बोलले जाते, असे माझे मत आहे. आपण घेतलेला वेळ मात्र कोणाच्या वाट्यातून काढून घेतलेला नाही. म्हणून अपराधी वाटण्याचे कारण मला दिसत नाही.

याहून मोठा लाभ सातत्याचा आहे. लांब पल्ल्याची ताकद एखाद्या दिवशी जिद्दीने केलेल्या राइडमधून येत नाही. आठवड्यामागून आठवडे न तुटलेला सराव, बेताने वाढवलेले अंतर आणि पुरेशी झोप यांतून ती हळूहळू साठते. मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे चढाचा सराव, शनिवारी विश्रांती आणि रविवारी खंबाटकी ओलांडून वाईपर्यंत जाणे, जमल्यास पसरणी घाट चढून पाचगणी गाठणे, असा क्रम तीन महिने अखंड चालवणे एकट्या माणसाला शक्य असते. रात्री नऊ वाजता दिवा मालवला म्हणून त्याच्यावर कोणी रुसत नाही, की पहाटे साडेचारच्या गजराने दुसऱ्या कोणाची झोप मोडत नाही.

मुंबईहून १९२३ च्या ऑक्टोबरात सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भमगारा या तिघांनी सुमारे ७१ हजार किलोमीटरचा तो प्रवास १९२८ मध्ये पूर्ण केला. जवळजवळ साडेचार वर्षे घराबाहेर राहण्याचे स्वातंत्र्य आयुष्याच्या फार थोड्या टप्प्यांवर मिळते. अपवाद आहेत, आणि ते सांगायलाच हवेत: १८९४ मध्ये बोस्टनहून सायकलवर जगप्रवासाला निघालेली ॲनी लंडनडेरी तीन मुलांची आई होती. परंतु अपवादांना जे फार मोठी किंमत मोजून मिळते, ते आपल्या हाती आज सहज आहे.

आपल्याला मी एवढेच सुचवेन की या मोकळेपणाला एक ठरलेले ध्येय द्यावे. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही १२०० किलोमीटरची, ९० तासांच्या मुदतीची राइड १८९१ पासूनची परंपरा सांगते. ती दर चार वर्षांनी होते आणि पुढची २०२७ मध्ये आहे. तिच्यासाठी त्याच वर्षी २०० पासून ६०० पर्यंतच्या ब्रेव्हे पूर्ण कराव्या लागतात, शिवाय प्रवासखर्च आणि सलग रजा जमवावी लागते. यांपैकी प्रत्येक निर्णय आज आपण एकट्याने घेऊ शकता.

राहिला पळवाटेचा प्रश्न. विवाह नको असेल किंवा सध्या नको असेल, तर आईवडिलांना तसे स्पष्ट सांगावे. सायकलला कारण म्हणून पुढे केले की त्यांना ती वैरीण वाटू लागते, आणि मग पहाटे निघताना दारात निरोप देणारे माणूसही आपण गमावतो.

प्रश्न: मी ३८ वर्षांची अविवाहित शिक्षिका आहे. दिवाळीच्या सुट्टीत कोकणच्या किनाऱ्याने एकटीने सायकलप्रवास करण्याची फार इच्छा आहे. सहकारी म्हणतात, सोबत कोणी मिळेपर्यंत थांब. थांबावे का? आणि मार्ग कोणता घ्यावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, थांबू नका. सोबत मिळाली तर आनंदच आहे, परंतु सोबतीच्या अटीवर टाकलेले बेत वर्षानुवर्षे पडून राहतात. दिवाळीच्या दिवसांत सासर-माहेरचा मेळ न घालता, कोणाच्या रजेची वाट न पाहता आपण निघू शकता, ही आपल्या आयुष्यातील फार चांगली गोष्ट आहे आणि तिचा उपयोग करून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

मार्ग असा घ्यावा. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रेवसला उतरावे आणि अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड करत आगरदांड्याला यावे. तेथून फेरीबोटीने दिघीला उतरले की दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर लागते. बागमांडल्याहून वेश्वीला दुसरी फेरीबोट आहे. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै करत दाभोळ गाठावे. दाभोळहून धोपाव्याला तिसरी आणि गुहागर, हेदवी झाल्यावर तवसाळहून जयगडला चौथी. जयगडनंतर मालगुंड आणि गणपतीपुळे अगदी जवळ आहेत. सुट्टी उरली तर रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत रेडीपर्यंत जाता येते आणि तेरेखोलची खाडी ओलांडली की गोव्याचे केरी येते.

हा रस्ता किनाऱ्याने जातो म्हणून सपाट असेल, असे मात्र समजू नका. गाव खाडीच्या काठी असते आणि दोन गावांच्या मध्ये सडा, म्हणजे उंच खडकाळ पठार, असतो, त्यामुळे दिवसभर चढ-उतार चालूच राहतात. सामानासह ६० ते ७० किलोमीटर हा दिवसाचा पुरेसा पल्ला आहे. सायकलला हलके गिअर असावेत आणि निघण्यापूर्वी ब्रेक दुकानात तपासून घ्यावेत, कारण खाडीकडे उतरणारे रस्ते बरेच तीव्र आहेत. ऑक्टोबरअखेरचे ऊनही कोकणात चांगलेच तापते, म्हणून उजाडताच निघून अकराच्या सुमारास सावली गाठावी.

एकटीने जाण्याचे सुख या मार्गावर जागोजागी भेटते. गटात गेल्यावर फेरीबोट चुकली की सगळ्यांचे वेळापत्रक कोलमडते आणि कोणीतरी नाराज होते. एकट्या माणसाला पुढच्या बोटीपर्यंतचा वेळ धक्क्यावर बसून काढता येतो. केळशी आवडली तर तेथे आणखी एक दिवस राहता येते, हेदवीच्या चढावर उतरून सायकल ढकलत नेता येते, दुपारी झोप आली तर झोपता येते. आणि एक विशेष लाभ असा की गटाशी लोक फारसे बोलत नाहीत, पण एकट्या बाईला पाहून गावातल्या बायका हमखास थांबवतात, पाणी देतात, चौकशी करतात. त्या चौकशीत लग्नाचा प्रश्नही येईल. शाळेतल्या स्टाफरूममध्ये तो जसा बोचतो तसा तेथे बोचत नाही, असे मला अनेक सायकलस्वार स्त्रियांनी सांगितले आहे.

धोका नाही असे मी म्हणणार नाही. मूळच्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये, वयाच्या विशीत, सुमारे २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत आणि बहुतांश एकटीने केली. त्या प्रवासात स्पेनमध्ये त्यांना लुटण्यात आले आणि कॅनडात अस्वल त्यांच्या मागे लागले, तरीही त्यांनी प्रवास पुरा केला. आपला प्रवास ओळखीच्या भाषेच्या मुलखातून आहे. अंधार पडण्याच्या दोन तास आधी मुक्कामी पोहोचावे, कुटुंबे चालवतात त्या घरगुती निवासांतच राहावे, आणि पाडव्यानंतर पर्यटकांची गर्दी वाढत असल्याने त्या रात्रींची जागा आधीच सांगून ठेवावी.

प्रश्न: मी एकटाच राहतो, जबाबदाऱ्या नाहीत, त्यामुळे पगार सायकलच्या सामानात कसा संपतो ते कळत नाही. हाही एकटेपणाचा फायदाच म्हणावा का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: अडवणारे कोणी नसणे हा फायदा आहे, पण सामान वाढल्याने वेग वाढेल ही अपेक्षा सोडावी. कार्बनच्या चाकांआधी सायकलचे माप शरीराला बसवून घ्यावे, बरी सॅडल, चांगले टायर आणि रात्री खरोखर रस्ता दाखवणारा दिवा घ्यावा. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला पडेपर्यंत नवी सायकल घेऊ नये. आपल्या घरात दुसरा पगार येत नाही, त्यामुळे आजारपणात ही रक्कमच आधार असते. सायकल मात्र खुशाल बैठकीच्या खोलीत ठेवावी, हे सुख विवाहित मित्रांना क्वचितच लाभते.

प्रश्न: माझे वय ५९ आहे. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली, मुलगी परदेशात असते. शेजाऱ्यांच्या आग्रहावरून पहाटे सायकल चालवू लागलो आणि आता त्यात मन रमते. पण तिच्या जाण्यामुळे मिळालेल्या मोकळ्या वेळात मी आनंद घेतो आहे, हे मनाला खाते.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: काका, आपण निवडलेले नाही त्या एकटेपणाला लाभ म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. आपल्या पत्रात एक वाक्य होते, की रंकाळ्याला फेरी मारून घरी आल्यावर चहा करावासा वाटतो, आधी तोही करावासा वाटत नसे. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. वेळ कोणत्या दुःखातून आला, यावरून त्या वेळातला आनंद चुकीचा ठरत नाही. आपल्याला भूक लागावी, झोप लागावी, हेच आपल्या पत्नीलाही हवे असते, असे मला वाटते.

पुढचा टप्पा म्हणून पन्हाळ्याचा विचार करण्यास हरकत नाही. अंतर एका बाजूने वीसेक किलोमीटर आहे, पण शेवटचा चढ दमवणारा आहे. त्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी, आणि पहिल्यांदा जाताना शेजाऱ्यांना सोबत न्यावे. मुलीला वरून फोन करावा.

प्रश्न: मी नाशिकला खोली घेऊन एकटा राहतो आणि बहुतेक राइड एकट्यानेच करतो. वाटेत अपघात झाला तर घरी कळवणारेही कोणी नाही, या एका विचाराने लांब जायला धजत नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आपली भीती रास्त आहे. तिच्यावर उपायही आहेत.

निघताना मार्ग आणि परतण्याची वेळ एका ठरलेल्या माणसाला कळवावी आणि परतल्यावर न चुकता सांगावे. हा माणूस नातेवाईकच हवा असे नाही, घरमालक किंवा कार्यालयातला मित्रही चालतो. फोनवरून आपले चालू ठिकाण त्याला दिसेल अशी सोय करून ठेवावी. फोन कुलूपबंद असतानाही रक्तगट, ॲलर्जी आणि संपर्क क्रमांक दिसतील अशी नोंद बहुतेक स्मार्टफोनमध्ये करता येते. तरीही तोच मजकूर एका कार्डावर लिहून जर्सीच्या खिशात ठेवावा, कारण अपघातात फोन फुटू शकतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक आहेत. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, हे आपल्या गावाकडील लोकांनाही आवर्जून सांगत जावे.

वैयक्तिक अपघात विमा जरूर घ्यावा आणि त्यात वारस म्हणून कोणाचे नाव आहे ते त्या व्यक्तीला कळवून ठेवावे. रात्रीच्या राइडला पुढचा आणि मागचा दिवा, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि हेल्मेट यांशिवाय निघू नये. ब्रेव्हेमध्ये हे सक्तीचे असते, एकट्याच्या राइडलाही तोच नियम लावावा. सुरुवात ओळखीच्या रस्त्याने करावी: पहिल्या खेपेस त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन यावे, मग इगतपुरी, आणि त्यानंतर हिवाळ्यात कसारा घाटाखाली उतरून त्याच दिवशी पुन्हा वर चढून येण्याचा बेत करावा.