‘आई, ये, पण माझ्या खोलीवर नको’

सांगलीच्या एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

“मी ५८ वर्षांची, गेल्या मे महिन्यात शाळेतून निवृत्त झाले. एकुलता एक मुलगा सप्टेंबरात मास्टर्ससाठी स्पेनमधल्या वालेन्सियाला गेला. महिनाभर त्याच्याकडे राहावं, त्याला करून घालावं असं फार मनात होतं. पैसे मी साठवलेत. फोनवर बोलले तर म्हणाला, ‘आई, ये ना, पण दहा-बारा दिवसांसाठी ये, आणि माझ्या खोलीवर नको, जवळपास कुठेतरी राहा.’ मग कळलं की त्या घरात दोन मुलीपण राहतात. एक इटलीची, एक कोलंबियाची. नणंद म्हणते, आम्ही अमेरिकेत लेकाकडे सहा-सहा महिने राहतो, तुझ्याच लेकाला आई जड झाली. हे म्हणतात, जाऊच नको. माझी झोप उडाली आहे. मी जाऊ का?”

ताई,

जा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

तुमच्या मुलाचं वाक्य मी चार वेळा वाचलं. त्यात ‘ये ना’ आहे आणि ‘नको’पण आहे. तुमच्या मनात ‘नको’ तेवढा रुतला. रुतणारच. पोटच्या पोरानं आपल्याला राहायची जागा दुसरीकडे बघायला सांगणं, हे आपल्याकडे कुणी सहज गिळत नाही. त्यानं नीट समजावून सांगायला हवं होतं, ही त्याची चूकच. पण तो जे बोलला ते खोटं नाही, आणि त्यात तुम्हाला दूर लोटणंही नाही.

नणंदबाईंचा मुलगा संसारी माणूस आहे, त्याचं स्वतःचं घर आहे. तुमच्या मुलाकडे घर नाही, एक खोली आहे. स्पेनमध्ये विद्यार्थ्यांना अशाच खोल्या मिळतात: तीन-चार खोल्यांचा फ्लॅट, प्रत्येक खोलीचं भाडं वेगळं, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सगळ्यांचं मिळून. शेजारच्या खोलीत मुलगा आहे की मुलगी, याला तिथे कुणी महत्त्व देत नाही. अशा घरात महिनाभर पाहुणी ठेवणं म्हणजे बाकीच्या दोघींच्या जागेवर हक्क सांगणं. घरमालकाला चालत नाही ते वेगळंच.

माझा भाचा त्याच शहरात शिकत होता. माझी बहीण आणि मी दोघी दहा दिवस जाऊन आलो, म्हणून एवढं ठामपणे लिहिते. त्याच्या फ्लॅटमधला फ्रीज अजून डोळ्यांसमोर आहे. चार कप्पे, चार नावांच्या चिठ्ठ्या. त्याच्या कप्प्यात अर्धा कोबी, दह्याचे दोन डबे आणि झाकण लावलेली फोडणीची वाटी. गॅसच्या वरच्या फळीवर मेतकुटाची रिकामी बाटली होती, माझ्या बहिणीच्या अक्षरातली पट्टी अजून तशीच. कपडे धुण्याच्या यंत्रासाठी लागणारी सुटी नाणी तो त्यात ठेवायचा. बहिणीनं झाकण उघडलं, वास घेतला आणि परत लावून ठेवलं. त्याला एक शब्द बोलली नाही.

आता कागदपत्रांचं, कारण मुलाच्या ‘माझ्याकडे नको’मागे हेही असू शकतं. स्पेनचा व्हिसा मागताना राहणार कुठे ते दाखवावं लागतं. कुणाच्या घरी राहणार असाल, तर यजमानानं तिथल्या राष्ट्रीय पोलिसांकडून काढलेलं निमंत्रणपत्र मागितलं जातं. त्याला घराचा करार दाखवावा लागतो, आठवडेच्या आठवडे जातात, आणि एका खोलीच्या भाडेकरूला ते मिळवणं अवघडच. हॉटेलचं किंवा भाड्याच्या जागेचं बुकिंग असेल तर ही सगळी भानगड टळते. अमेरिकेसारखे सहा महिने तर तिथे मुळीच चालत नाहीत. शेंगेन व्हिसावर, म्हणजे स्पेन धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावर, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. व्हिसाचे ९० युरो, अर्ज केंद्राचं शुल्क वेगळं, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो. उन्हाळ्यात वेळ मिळता मिळत नाही, म्हणून मार्चमध्येच करून टाका. पेन्शनची कागदं आणि बँकेचा हिशेब तुमच्या नावाचा जोडा, सोबत त्याच्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र.

आणि मी सुचवते ते असं. हॉटेल घेऊ नका. स्वयंपाकघर असलेली छोटी जागा दोन आठवड्यांसाठी घ्या, बेनिमाक्लेटच्या आसपास. एकेकाळचं हे वेगळं गाव, आता शहरात मिसळलेलं, विद्यार्थ्यांनी भरलेलं. विमानतळावरून ३ नंबरची मेट्रो थेट तिथे येते आणि ट्रामनं समुद्र जवळ. मग तुम्ही त्याच्याकडे राहायला जाणार नाही. तो तुमच्याकडे जेवायला येईल. पिठलं-भात तुमच्या गॅसवर, तुमच्या वेळेला. त्या दोघी मुलींनाही बोलवा. त्या गालाला गाल लावून भेटतील, बिचकू नका, तिथली नमस्काराची रीतच ती आहे.

त्यांच्यापैकी कुणी ‘त्याची’ आहे का, हे तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात विचारलंत. मला माहीत नाही, आणि तुम्हीही विचारू नका. सांगण्यासारखं असेल तर चार-पाच दिवस पोटभर जेवल्यावर तो आपणहून सांगेल. विचारलंत तर ‘काहीतरीच काय आई’ एवढंच मिळेल.

जायचं कधी, हे त्याच्या परीक्षेवर ठरवा. तिथली दुसरी सहामाही जूनमध्ये संपते. मार्चच्या १५ ते १९ तारखांना फायास नावाचा मोठा उत्सव असतो, शहरभर उभारलेले भव्य पुतळे शेवटच्या रात्री जाळतात. बघण्यासारखा आहे, पण गर्दी आणि भाडी दोन्ही झेपणार नाहीत. परीक्षा संपली की साधारण १८ जूनला पोचा. २३ जूनच्या रात्री, सान हुआन नावाच्या सणाला, माल्वारोसाच्या किनाऱ्यावर लोक वाळूत शेकोट्या पेटवतात आणि मध्यरात्री लाटांवरून उड्या मारतात. लहान पोरांपासून आजीपर्यंत सगळे. त्या रात्री पोरानं हात धरला तर पाण्यात जा, साडी भिजली तर भिजू दे.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तुम्ही सांगलीच्या. २००५ आणि २०१९ चा कृष्णेचा पूर तुम्ही पाहिला असेल. वालेन्सियानंही १९५७ च्या ऑक्टोबरात तुरिया नदीचा असाच पूर सोसला. पुढे त्यांनी नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली. कोरड्या पडलेल्या पात्रातून हमरस्ता काढायचं घाटत होतं, पण लोक अडून बसले आणि तिथे बाग झाली. आज जुन्या पुलांखालून आठ-नऊ किलोमीटर झाडं आणि पायवाटा आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरातल्या पुरात या वळवलेल्या पात्रामुळे मुख्य शहर वाचलं, पण दक्षिणेकडची गावं बुडाली, दोनशेवर माणसं गेली. त्या बागेतून त्याच्याबरोबर संध्याकाळी चाला. जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. समोरासमोर बसवून मुलं बोलत नाहीत, शेजारी चालताना बोलतात.

आणि गुरुवारी दुपारी बाराला कॅथीड्रलच्या दाराशी जा. पाटाच्या पाण्याच्या तंट्यांचा निवाडा करायला तिथे शेतकऱ्यांनी निवडलेले पंच काळे अंगरखे घालून बसतात. सगळं तोंडी, लेखी काही नाही. शतकानुशतकं चाललंय, २००९ मध्ये युनेस्कोनं त्याला वारशाच्या यादीत घेतलं. पाण्याच्या पाळीवरून भांडणाऱ्या मुलखातून आलेल्या बाईला ते जितकं कळेल, तितकं तिथे फोटो काढणाऱ्या पर्यटकाला कळणार नाही. मुलाला ते तुम्ही समजावून सांगा.

सामानात तूप, पेढे, खव्याचं काही घेऊ नका. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाचे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात जप्त होतात. आंबे, ताजा कढीपत्ता, मिरच्याही राहू द्या. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी, आमसुलं, हे कोरडं न्या. तुम्ही शाकाहारी आहात, तर नुसतं ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, म्हणून भागत नाही. डुकराच्या मांसाचे तुकडे ते खुशाल घालतात. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस नको, हॅम नको, मासे नकोत, असं पूर्ण म्हणा. तिथली मूळची पाएया, म्हणजे पसरट कढईतला भात, कोंबडी आणि सशाची असते, तुम्ही भाज्यांची मागा, तीही दुपारी. जवळच्या आल्बोरायात चुफा नावाचा छोटा कंद पिकतो, त्याचं गार, दुधासारखं पांढरं पेय मिळतं, ओर्चाता. त्यात दूध नाही. मला फार आवडलं.

त्याच्या खोलीवर एकदा जालच. पलंगाखाली धूळ असेल, शर्ट खुर्चीवर असतील. हात लावू नका. माझी मुलगी पुण्यात होस्टेलला होती तेव्हा मी तिचं कपाट दिवसभर बसून लावून दिलं होतं. मी निघाल्यावर तिनं ते पुन्हा पहिल्यासारखं केलं आणि रडली. हे तिनं मला वीस वर्षांनी सांगितलं. धूळ बघू नका. त्याचा चेहरा बघा, रात्री झोपतो का, चार माणसं त्याला नावानं हाक मारतात का, ते बघा. घशाशी काही अडकलेलं दिसलं तर तिथे थांबा, बाकी सगळं सोडून द्या.

सध्या, हिवाळ्यात, तिथे आपल्यापेक्षा साडेचार तास मागे वेळ आहे. आज रात्री नऊला फोन करा, तिथे साडेचार झालेले असतील, तो बहुधा खोलीवर परतलेला असेल. मुलींचं काढू नका, नणंदेचं तर नाहीच. ‘परीक्षा किती तारखेला संपते रे?’ एवढं विचारा, आणि बेनिमाक्लेटमध्ये तुमच्यासाठी जागा शोधायचं काम त्याच्यावर सोपवा.