वेअरवुल्फवाल्या अर्बन फँटसी कादंबऱ्या कुठून सुरू कराव्यात? आणि त्यातलं 'अल्फा' प्रकरण खऱ्या लांडग्यांत असतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. वेअरवुल्फ म्हणजे लांडग्याचं रूप घेणारी माणसं, आणि अर्बन फँटसी म्हणजे आजच्या शहरात घडणाऱ्या जादूच्या गोष्टी. पहिलीचं उत्तर लगेच देऊन टाकते. पॅट्रिशिया ब्रिग्जची मर्सी थॉम्प्सन मालिका घ्या. पहिलं पुस्तक 'मून कॉल्ड', 2006 चं. ते आवडलं नाही तर या प्रकाराच्या वाटेला पुन्हा जाऊ नका, वेळ वाया जाईल.

कळपात एकच अल्फा, म्हणजे म्होरक्या, असतो आणि बाकीच्यांनी त्याच्यापुढे मान खाली घालायची असते हे खरं का, हा तुमचा दुसरा प्रश्न वाचून मात्र राहवलं नाही. याच मुद्द्यावरून आमच्या घरात ऐन दिवाळीत जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

आमचं शिरपूरला ट्रक-ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, सासऱ्यांनी उभं केलेलं. मुंबई-आग्रा हायवेवरचं गाव, वर बिजासनचा घाट. घाट उतरून येणारी गाडी ब्रेकचे लायनर जाळून येते, नाहीतर स्प्रिंगचा पाटा तोडून. सासऱ्यांना लकवा झाला, आणि यांना माल आणायला कधी धुळे, कधी इंदूर करावं लागतं, म्हणून गल्ल्यावर मी बसायला लागले. सुरुवातीला ड्रायव्हर लोक पायरीवरूनच विचारायचे, "शेठ नाहीत का?" आता तेच लोक झिजलेलं बेअरिंग माझ्या हातात देतात आणि मी नुसतं चाचपून नंबर सांगते. उधारीची वही माझ्या अक्षरात आहे. बुडीत गेलेली उधारीसुद्धा मी गोड बोलून वसूल केली आहे.

जेवणानंतर बाजार थंड असतो, तेव्हा मी मोबाइलवर वाचते. इंग्रजी घेऊन बी. ए. केलेलं, पण लग्नानंतर वाचन सुटलं होतं. ते परत सुरू झालं मर्सीमुळे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ट्राय-सिटीज म्हणून तीन जोडगावं आहेत, तिथे ही बाई फोक्सवॅगन गाड्यांचं गॅरेज चालवते. इतिहासाची पदवी आहे आणि पोट भरते पान्यांवर. स्वतः लांडगा नाही, कोयोटीचं रूप घेते. कोयोटी म्हणजे लांडग्याचाच कोल्ह्याएवढा धाकटा भाऊबंद. लहानपणी मोंटानातल्या लांडग्यांच्या कळपात वाढली, तिथेही परकीच राहिली. पहिल्याच प्रसंगात ग्रीस आणि जळक्या ऑइलच्या वासामुळे तिच्या नाकाला समोरचा पोरगा लांडगा आहे हे लगेच कळत नाही. तो वास मला माहीत आहे. साबणाने दोनदा हात धुतले तरी कणकेला लागतो. ज्या लेखिकेला हा वास माहीत आहे ती जादूचंही काही सांगो, मी विश्वास ठेवते. या कादंबऱ्या चांगल्या की टाकाऊ हे मी तरी यावरूनच ठरवते: नायिकेला काम आहे का? सकाळी उठून शटर उघडायचंय का? नसेल तर उरलेलं पुस्तक नुसतं लांडग्याच्या दंडांचं वर्णन असतं.

तर ती दिवाळी. भाऊबीजेला सगळे जमलेले. थोरले दीर, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, नाशिकला नोकरीला असतात. त्यांनी विषय काढला की दुकानाच्या बँक खात्यावर सही त्यांची हवी, मोठा माल घेताना त्यांना विचारलं पाहिजे, आणि मी गल्ल्यावर बसते ते 'तात्पुरतं' म्हणूनच धरायचं. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही वर्षातून सणावारालाच येता, कुठली कंपनी कोणता पार्ट देते हे तुम्हाला कुठे माहीत? त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात लांडग्यांचा व्हिडिओ, बर्फातून एका रांगेत चाललेले, आणि वर कोणीतरी पुरुषांनी कसं वागावं यावर बोलतंय. अण्णा अहिराणीत म्हणाले ('ऱ्हास' म्हणजे असतो), "कळपमा एकच म्होरक्या ऱ्हास. लांडगासमा बी तसंच ऱ्हास." मग माझ्याकडे बघून, "तू तर लांडगाच वाचस ना दिवसभर? मंग तुले माहीत पाहिजे." सगळे हसले. हे हसले नाहीत, पण बोललेही नाहीत. सासूबाई शंकरपाळ्यांचं ताट घेऊन आत गेल्या.

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, कारण मी वाचत होते त्या पुस्तकांतही तेच होतं. ब्रिग्जच्या जगातही कळपाला अल्फा असतो, खालच्याने वरच्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा नसतो. आणि बाईचा दर्जा तिच्या नवऱ्याच्या दर्जावर ठरतो, एकटी बाई सगळ्यात खाली. हे वाचताना मला अमेरिका आठवली नाही, आमचं स्वयंपाकघर आठवलं.

मग मी शोधायला बसले, आणि जे सापडलं ते तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे. 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल नावाच्या स्विस अभ्यासकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर निबंध लिहिला. ते लांडगे बंदिस्त होते. मोठे झालेले लांडगे कुंपणात कोंडले की बाहेर पडायला वाट नाही, त्यामुळे भांडणं, दात दाखवणं, एकाने दुसऱ्याला दाबणं. तिथून वरचा-खालचा हा हिशेब निघाला. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाने 1970 मध्ये लांडग्यांवर मोठं पुस्तक लिहिलं आणि त्यातून अल्फा जगभर गेला. तोच मेक नंतर कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एल्समीर बेटावर उन्हाळ्यामागून उन्हाळे रानातल्या लांडग्यांजवळ जाऊन राहिला, आणि 1999 मध्ये त्यानेच लेख लिहून सांगितलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पिल्लं. कोणी कुस्ती जिंकून म्होरक्या होत नाही. पिल्लं आईबापामागे चालतात, कारण ते आईबाप आहेत. मोठी झाली की बाहेर पडतात, जोडीदार शोधतात आणि आपलं घर मांडतात. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून मेक प्रकाशकांच्या मागे लागला होता. 2022 मध्ये ते बंद झालं.

ज्या माणसामुळे ही गोष्ट पसरली तोच ती मागे घ्या म्हणतोय, आणि आमच्याकडे भाऊबीजेला तिचा दाखला दिला जातो.

परदेशातला लेख दाखवून घरात कोणी ऐकत नाही हेही मला माहीत होतं. पण त्याच हिवाळ्यात साक्रीकडचे एक म्हातारे ठेलारी, म्हणजे मेंढपाळ, बाबा भाच्याच्या पिकअपचा फॅन बेल्ट घ्यायला आले. त्यांची मेंढरं गावाबाहेर एका शेतात बसवलेली होती. बेल्ट काढेपर्यंत मी त्यांना स्टूल दिलं, चहा मागवला आणि विचारलं, बाबा, लांडग्यात मुखिया कोण असतो? त्यांना प्रश्नच कळला नाही. परत विचारल्यावर म्हणाले, मुखिया कशाचा, जोडी असते. मादी बिळात पिल्लांपाशी, नर रात्रभर हिंडतो आणि पोटात भरून आणतो, बिळापाशी ओकतो, पिल्लं ते खातात. पिल्लं जरा मोठी झाली की मादीही शिकारीला निघते. कधी गेल्या सालचं एखादं पोर थांबलेलं असतं, तेही धाकट्यांसाठी आणतं. बाबांची कोकरं लांडग्याने नेलेली आहेत, तरी हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. आयुष्य माळावर काढलेल्या माणसाने त्याच्या डोळ्यांसमोरचं सांगितलं आणि ते मेकच्या लेखाशी जुळलं. आपल्याकडचा लांडगा गवताळ माळरानावरचा आहे, बर्फातला नाही. त्याचे कळपही लहान असतात, बऱ्याचदा दोघं-तिघंच. 1972 च्या वन्यजीव कायद्यात त्याला वाघाच्याच अनुसूचीत ठेवलंय, आणि तरी त्याचे माळ नांगराखाली चाललेत. त्यावर व्हिडिओ कोणी पाठवत नाही.

पुढच्या सणाला अण्णा आले तेव्हा मी सगळ्यांसमोर हे सांगितलं. म्हटलं, तुमचा तो कायदा पिंजऱ्यातल्या लांडग्यांचा आहे. घर पिंजरा करायचं असेल तर लागू करा. अण्णा म्हणाले, पुस्तकं वाचून घर चालत नाही. मी म्हटलं, दुकान तर चाललंय. त्यावर त्यांनी जेवण अर्धवट टाकलं नाही, पण जाताना माझ्याशी बोलले नाहीत. सही आज यांची आणि माझी आहे.

आता यात एक गोष्ट आहे जी कादंबऱ्यांच्या बाजूने सांगायला हवी. वेअरवुल्फचा कळप म्हणजे कुटुंब नव्हेच. कोणाला कुठे चावा बसून लांडगेपण आलं, कोण कुठून पळून आला, अशी एकमेकांना न ओळखणारी मोठी माणसं एका शहरात नाइलाजाने एकत्र राहतात, आणि सोडून जायला जागा नसते. म्हणजे ते हुबेहूब बाझेलच्या कुंपणातले लांडगेच झाले. म्हणून तिथे अल्फा असणं मला पटतं, फक्त लेखिकेला ते कुंपण दिसलं पाहिजे. ज्यांना ते दिसतं त्यांची पुस्तकं वाचा, ज्यांना नुसती नायकाची गुरगुर आवडते त्यांची सोडा.

मर्सी शेजारच्या अल्फाचं, ॲडमचं, ऐकत नाही. त्याला खिजवायला आपल्या आवारात मोडकी फोक्सवॅगन रॅबिट त्याच्या घरातून दिसेल अशी उभी करून ठेवते. ही मला पूर्ण पटणारी बाई आहे. कॅरी वॉनची किटी नॉर्व्हिल मालिका (पहिलं पुस्तक 2005, एकूण चौदा) याच्याही पुढे जाते. किटी डेन्व्हरमध्ये रेडिओवर रात्रीचा कार्यक्रम करते, लोक फोन करून आपली दुःखं सांगतात. ती स्वतः कळपात सगळ्यात खालची. कार्यक्रम नावारूपाला आला की तिचा अल्फा, कार्ल, तो बंद कर म्हणतो. संरक्षणही तोच देतो आणि गळाही तोच धरतो. बाई कमवायला लागली की घरातल्या माणसाचा आवाज कसा बदलतो हे इतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. तुमच्यावर घरात कोणी असं 'अल्फा' होऊन बसलं असेल, तर मर्सी बाजूला ठेवा आणि आधी किटी वाचा. आणि खात्यावर आपली सही आहे का तेही बघून घ्या.

केली आर्मस्ट्राँगचं 'बिटन' (2001) बऱ्याच जणांना फार आवडतं. लिखाण उत्तम आहे. त्यातल्या लांडग्यांना पौर्णिमेची गरज नाही, आठवड्याला एकदा तरी रूप बदलावं लागतं, नाहीतर शरीर ऐकत नाही, आणि त्या बदलाची वेदना तिने अंगावर येईल अशी लिहिली आहे. पण नायिकेला न विचारता चावणारा तिचाच होणारा नवरा, आणि पुस्तक शेवटी त्याच्याकडेच झुकतं. मला ते मान्य नाही. कोणी कितीही समजावलं तरी नाही.

जिम बुचरचं 'फूल मून' (2001) हलकंफुलकं आहे. शिकागोचा जादूगार-डिटेक्टिव्ह, आणि वेअरवुल्फचे इतके प्रकार की डोकं फिरतं. त्यात एक पात्र मुळात लांडगीण आहे आणि ती बाईचं रूप घेते. तेवढ्यासाठी वाचायला हरकत नाही. नायक बायकांशी त्या फारच नाजूक असल्यासारखा वागतो, ते मला झेपलं नाही.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मर्सीच्या तिसऱ्या पुस्तकात, 'आयर्न किस्ड'मध्ये, तिच्यावर बलात्कार होतो. लेखिकेने ते चवीने लिहिलेलं नाही आणि पुढच्या पुस्तकांतही ती ते विसरत नाही, पण तुमच्या मनाला ते जड जाणार असेल तर तयारीने वाचा, किंवा घरातल्या मोठ्या कोणाला आधी वाचायला लावा. कॉलेजच्या मुलीला सरसकट ही मालिका देऊ नका. आणि दुसरं, मी या सगळ्या इंग्रजीतूनच वाचल्या. भाषा सोपी आहे, पण फेअ (परीलोकातले जीव), पॅक (कळप), मेट (जोडीदार) असले शब्द सारखे येतात. पहिली पन्नास पानं तशीच रेटा, मग ते आपोआप कळायला लागतात.

ब्रिग्जचीच दुसरी मालिका आहे, चार्ल्स आणि ॲनाची. त्यातली ॲना 'ओमेगा' आहे, म्हणजे कोणाच्याच वर नाही आणि कोणाच्याच खाली नाही, अल्फाचा हुकूम तिला लागूच होत नाही. तिच्यावर मला पुष्कळ लिहायचंय, पण आता दारात ट्रॅक्टर उभा आहे. ती मालिका मर्सीची पहिली दोन पुस्तकं झाल्यावर घ्या, आधी नको. सुरुवात 'अल्फा अँड ओमेगा' या लघुकादंबरीपासून करा आणि मग 'क्राय वुल्फ' (2008). थेट 'क्राय वुल्फ' उघडलं तर ॲना तिथे कशी आली हे कळायला त्रास होतो.