एप्रिलमध्ये सोलांगच्या वर स्की टूरिंग: सकाळी नऊला निघालं तर चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दर्यापूरकडचे चौघं जण, गेल्या हिवाळ्यात स्कीचा दोन आठवड्यांचा कोर्स झालेला, स्किन (चढताना स्कीच्या तळाला लावायच्या पट्ट्या) स्वतःच्या घेतलेल्या, बाकी सामान मनालीत भाड्याने. एप्रिलच्या मध्याला मनालीजवळच्या सोलांगच्या वर एक दिवस स्की टूरिंग करायचं आहे, म्हणजे स्कीवरच चढून उतरायचं आहे. नाश्ता करून नऊला निघायचा बेत. आणि शेवटी विचारलंय, "बर्फ मऊ असतो, पडलं तरी लागत नाही, म्हणजे धोका कमीच ना?"

भाऊ, नऊला निघू नका. साडेनऊला तुम्ही वर पोचलेले असायला पाहिजे आणि अकराच्या आत उताराच्या बाहेर. मऊ बर्फात पडलं तर लागत नाही हे खरं, पण धोका पडण्याचा नाहीच. धोका अख्खा उतार निसटण्याचा आहे, आणि तो त्या मऊपणातूनच येतो.

तुम्ही काळ्या मातीतले, म्हणून एका शब्दात सांगतो: वापसा. रान ओलं असताना वखर घातला तर पासेला, म्हणजे त्याच्या पात्याला, माती चिकटते. पार वाळलं तर पास आत शिरत नाही. मधे थोडा वेळ असतो, त्यात काम होतं. उन्हाळ्याच्या तोंडावरच्या बर्फालाही वापसा येतो. फरक इतकाच की तो रोज येतो आणि तास-दीड तासात जातो.

असं का होतं? रात्री आभाळ मोकळं असलं की बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता वर सोडून देतो आणि गोठतो. हवा शून्याच्या एक-दोन अंश वर असली तरी गोठतो. दिवसा वितळणं, रात्री गोठणं असं बरेच दिवस झालं की बर्फाचे कण गोल, जाड होतात, बाजरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढे. पहाटे हे दाणे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, फरशीसारखे. ऊन लागलं की वरचे दोन-तीन सेंटीमीटर मोकळे होतात आणि खालचा थर टणकच राहतो. हाच वापसा. याच्यावर स्की जशी वळते तशी दुसऱ्या कशावर वळत नाही. पुढे मात्र पाणी खाली मुरत जातं, दाण्यांमधले सांधे सुटतात. खाली बर्फाचा कडक पापुद्रा किंवा गवताळ उतार असला तर पाणी तिथे अडतं आणि वरचा थर त्याच्यावरून घसरतो.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. मूठभर बर्फ घ्या, हातमोज्यावरच दाबा. लाडू वळला जात नसेल तर अजून वेळ आहे. लाडू वळतोय पण पाणी दिसत नाही, तर उतरायची वेळ. दाबल्यावर बोटांमधून पाणी ठिबकलं तर उशीर झालाय. दुसरी खूण बुटाची: स्की काढून उभं राहा. घोट्यापर्यंत गेलात तर लगेच निघा. नडगीपर्यंत गेलात तर ३० अंशांपेक्षा जास्त उतारावर पाऊलच टाकू नका. तिसरी खूण डोळ्यांनी दिसते. खडकांच्या नि झाडांच्या खालून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळायला लागले, की त्या उताराचं त्या दिवसाचं काम संपलं.

आता वेळेचं. तुमच्या जवळचं अकोला आणि मनाली जवळपास एकाच रेखांशावर आहेत, ७७ अंशांच्या आसपास. म्हणून एप्रिलच्या मध्याला सूर्य डोक्यावर यायची वेळ दोन्हीकडे सारखीच, साधारण १२.२०. तुमची घड्याळाची सवय तिथे चालेल. फक्त उताराचं तोंड कुठे आहे ते बघा. पूर्वेकडच्या उताराला वापसा आधी येतो, नऊ-साडेनऊच्या सुमारास. दक्षिणेचा त्यामागून, पश्चिमेचा दुपारी. उत्तरेचा उतार कधी कधी दिवसभर कडकच राहतो. उंची वाढली किंवा थंड वारा सुटला की या वेळा पुढे जातात. आणि एक गोष्ट नवे लोक हमखास विसरतात: खालचा भाग गरम असतो. वर वापसा असताना खाली चिखल झालेला असू शकतो. म्हणून वेळ उताराच्या खालच्या टोकावरून ठरवा, माथ्यावरून नाही.

उलटा हिशोब मांडू. समजा चढ उंचीत ८०० मीटर. तिथले लोक तासाला ४०० मीटर सहज चढतात. आपण तीनशे मीटर उंचीवर राहणारे, २५० धरा. म्हणजे सव्वातीन तास. सोलांगच्या मैदानातला बर्फ तोवर बहुतेक वितळलेला असतो, त्यामुळे सुरुवातीला स्की पाठीवर घेऊन पाऊण तास चाल. वीस मिनिटं थांबण्याची. साडेनऊला माथा गाठायचा तर सव्वापाचला पाऊल बाहेर, कपाळावर बॅटरी लावून. लवकर पोचलात आणि उतार अजून फरशीसारखा असला तर बसा, चिवडा खा, वाट बघा. कडक उतारावर घसरलात तर थांबायला काही नसतं. उशीर झाला तर मात्र वाट बघून काही मिळत नाही. माथा सोडा, चढलात त्या सौम्य वाटेने परत या.

आदल्या रात्री दोनदा बाहेर येऊन आभाळ बघा. चांदण्या दिसल्या तर बेत कायम. रात्रभर ढग असले तर बर्फ गोठलेलाच नसतो, मग कितीही लवकर उठा, उपयोग नाही. रात्री पाऊस झाला तर झोपा. पहाटे पहिल्या शंभर पावलांत बूट आत जात असेल, तरीही परत. आपल्याकडे हरभऱ्यावर गारपीट आणणारे पश्चिमी विक्षोभ मार्च-एप्रिलमध्ये तिथे ताजा बर्फ टाकतात. त्यानंतरचा पहिला उन्हाचा दिवस दिसायला सगळ्यात सुंदर असतो आणि वर जायला सगळ्यात वाईट. निदान एक-दोन दिवस जाऊ द्या. संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था (आधीची सासे) हिमस्खलनाचा इशारा देते, तो रोज बघा. पण तो मोठ्या भागासाठी असतो, तुमच्या उताराचा नाही.

सामानात सगळ्यात जास्त त्रास स्किन देतात. स्किन म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी. केस मागे वळलेले, म्हणून पुढे सरकते, मागे घसरत नाही. उन्हातल्या ओल्या बर्फातून सावलीतल्या थंड बर्फात गेलात की केसांतलं पाणी गोठतं आणि त्याच्यावर बर्फाचे गोळे धरतात. पहिल्या पावसात शेतातून चप्पल घालून चालल्यावर जे होतं तेच, पायाला दोन-दोन किलोचं ढेकूळ. त्यासाठी निघायच्या आधी, स्किन कोरडी असतानाच, केसांच्या दिशेने स्किनचं मेण घासा. छोटी वडी खिशात ठेवा. ती संपली तर साध्या मेणबत्तीनेही वेळ निभते. गोळा धरलाच तर स्की आपटत बसू नका. काठीच्या किंवा दुसऱ्या स्कीच्या कडेने खरवडा, मग मेण लावा. माथ्यावर स्किन काढली की गोंदाची बाजू बर्फाला लागू न देता दुमडून जॅकेटच्या आत ठेवा, परत चढायची वेळ आली तर चिकटली पाहिजे.

पहाटेच्या कडक तिरक्या चढाला स्कीचे क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे दाते, लागतात. ते तुमच्याच स्कीच्या रुंदीचे आणि तुमच्याच बाइंडिंगचे (बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीचे) आहेत का, हे दुकानातच बसवून बघा. बाइंडिंगच्या पुढच्या भागाखाली बर्फ दाबून बसला की बूट धरणाऱ्या पिना पूर्ण मिटत नाहीत आणि उतारावर बूट सुटतो. बूट घालण्याआधी तिथला बर्फ काठीच्या टोकाने उकरा, पिना बसल्यावर टाच चार-पाच वेळा वर-खाली करून बघा. भाड्याच्या दुकानात "स्की" एवढंच म्हणाल तर रिसॉर्टच्या मिळतील, त्यात टाच उचलता येत नाही. "टूरिंगचा सेट" म्हणा.

प्रत्येकाकडे बीकन (गाडल्या गेलेल्याला शोधायचं, सिग्नल देणारं-घेणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं. चौघांत दोन असं नाही. ओलं हिमस्खलन कोरड्यापेक्षा हळू येतं, पण थांबल्यावर सिमेंटसारखं बसतं; प्लास्टिकचं फावडं त्याच्यात मोडतं. बीकन सगळ्या कंपन्यांचे ४५७ किलोहर्ट्झवरच चालतात. सेल अल्कलाइनच टाका, रिचार्जवाले नको. मोबाइल बीकनपासून २० सेंटीमीटर लांब, शोधताना ५०. गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असते, तेवढ्या वेळात खालून कुणी मदतीला पोचत नाही. बीकन आधी मिळाला तर सराव घरीच होईल: कुटाराच्या ढिगात एक बीकन पुरा, बाकी तिघांनी शोधा, घड्याळ लावून. पाच मिनिटांत सापडला नाही तर पुन्हा सराव करा.

उतरताना एकेक जण, बाकीचे बाजूच्या धारेवर किंवा दाट झाडीत थांबलेले, उताराच्या खाली कधीच नाही. नाळेत, म्हणजे अरुंद घळीत, थांबू नका, वरचा न दिसणारा उतार तिथेच रिकामा होतो. नाल्यावरचा बर्फाचा पूल पहाटे भक्कम आणि दुपारी पोकळ असतो. म्हणून येतानाची वाट त्या पुलावरून ठेवू नका.

आपल्याला ऊन काय नवीन, असं वाटेल. पण इथे ऊन खालूनही येतं. हनुवटीखाली, नाकपुड्यांत, कानामागे सनस्क्रीन लावा. गडद चष्मा बाजूने बंद असावा, नाहीतर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. दुपट्टा मानेला ठीक, पण घामाने भिजला तर माथ्यावर काढून कोरडा बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) घाला. पाणी दोन लिटर. मनालीत आधी दोन रात्री झोपा, मगच वर जा.

परत आल्यावर स्किन हीटरसमोर वाळवू नका, गोंद सुटतो. खोलीत सावलीत टांगा. आणि दर्यापूरला आणल्यावर टिनाच्या खोलीत ठेवू नका. मे महिन्यात पत्र्याखाली गोंद पाघळून केसांत उतरला की स्किन गेली. गोंदावर जाळी चिकटवून गुंडाळा आणि घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा, बियाण्याच्या कोठीजवळ चालेल.