दंडासाठी महिन्याला किती बाजूला ठेवू?

तू मला ताई म्हणालास, तेव्हा मीही सरळ अरे-तुरेवर येते. तुझा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या लेस्टरची नोकरी पक्की झाली, ऑफिस घरापासून वीस मैल, गाडी घेण्यावाचून गत्यंतर नाही. पण तिथले तुझे सगळे मित्र स्पीड कॅमेऱ्यांच्या नावाने बोटं मोडतात. तर महिन्याच्या हिशेबात दंडासाठी किती पौंड धरायचे?

एकही धरू नकोस. दंड इथे वीजबिलासारखा महिन्याचा खर्च नाही. शंभर पौंड भरून मोकळं होता आलं असतं तर लोकांनी इतका जळफळाट केलाच नसता. राग येतो तो पत्राचा आणि पत्रामागून लायसन्सवर पडणाऱ्या पॉइंट्सचा, म्हणजे चुकांच्या गुणांचा. ते साठले की लायसन्स जातं.

अकरा वर्षांत मला असं पत्र एकदाच आलं. त्यात गाडीचा नंबर, रस्त्याचं नाव, मंगळवार, सकाळी ७:५२, ३० च्या रस्त्यावर ३६. (सगळं मैलांत, हे आत्तापासून डोक्यात ठेव. ३० म्हणजे आपले ४८ किलोमीटर.) पत्र हातात पडलं तेव्हा त्या मंगळवारला नऊ दिवस झाले होते. पोलिसाने रस्त्यात अडवलं तर आपण निदान वाद घालतो, चूक कळते, घाम फुटतो. इथे नऊ दिवसांपूर्वीच्या एका सेकंदाबद्दल विचारतात, आणि आपल्याला तो सेकंद आठवतच नाही.

त्या पत्राला इथे सगळे एनआयपी म्हणतात. ते दंडाचं पत्र नसतं, खटल्याच्या इराद्याची सूचना असते, आणि सोबत एकच प्रश्न असतो: गाडी कोण चालवत होतं? आमच्याकडे गाडी एक आणि चालवणारे दोघं. नवरा म्हणाला मी नव्हतो, मी म्हणाले मीही नव्हते. फोटो मागवला, तर त्यात गाडीची मागची बाजू, नंबरप्लेट आणि काचेवरचा मुलाने चिकटवलेला डायनोसॉर. चालवणाऱ्याचा पत्ता नाही. शेवटी फोनच्या कॅलेंडरमध्ये सापडलं की त्या दिवशी सव्वाआठला माझी दातांच्या डॉक्टरकडे वेळ होती. म्हणजे मीच.

इथे एक मोह होतो, म्हणून स्पष्टच सांगते. ‘तुझ्या लायसन्सवर काही नाही ना, मग तुझं नाव टाकू’ हे घराघरांत सुचतं. ख्रिस ह्यून नावाचे मंत्री होते. २००३ च्या स्पीडिंगचे पॉइंट्स त्यांच्या तेव्हाच्या बायकोने, व्हिकी प्राइस यांनी, आपल्या नावावर घेतले. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. नुसत्या वेगासाठी कुणी तुरुंगात जात नाही. ती शिक्षा खोट्या नावाची होती.

आता माझ्या त्या ३६ बद्दल. दुपदरी रस्ता, मधे दुभाजक, दोन्हीकडे घर नाही की दुकान नाही, नुसतं गवत. कुणीही म्हणेल, हा चाळीसचा रस्ता. पण कडेला दिव्यांचे खांब होते. इंग्लंडमधला नियम असा, की दिव्यांचे खांब एकमेकांपासून २०० यार्डांच्या आत असतील आणि पाटीवर दुसरा आकडा नसेल, तर रस्ता ३० चा, मग तो कितीही रुंद असो. वर कहर म्हणजे अशा रस्त्यावर ३० ची आठवण देणाऱ्या पाट्या मधेमधे लावतच नाहीत, ते नियमात बसत नाही. ४० असेल तर खांबांवर ४० च्या छोट्या गोल पाट्या दिसत राहतात. म्हणून बराच वेळ पाटी दिसली नाही आणि खांब दिसले, की ३० समज. भारतातून आलेल्यांचं पहिलं पत्र याच रस्त्यांवरून येताना मी पाहिलं आहे.

माझं नशीब बरं, दंडाऐवजी मला स्पीड अवेअरनेस कोर्स मिळाला. ३० च्या रस्त्यावर साधारण ३५ ते ४२ मध्ये सापडलास, आणि गेल्या तीन वर्षांत असा कोर्स केलेला नसेल, तर पोलीस बहुधा तो देऊ करतात. खर्च जवळजवळ दंडाएवढाच, पण पॉइंट्स पडत नाहीत. अडीच तास व्हिडिओ कॉल. कॅमेरा बंद करायचा नाही, चहा करायला उठायचं नाही. शिकवणाऱ्या बाईंनी पाटी नसलेल्या, खांब असलेल्या रस्त्याचं चित्र दाखवून वेग विचारला, तर निम्म्याहून जास्त जणांनी ४० सांगितलं. त्यातले काही तीस वर्षं गाडी चालवणारे, इथेच जन्मलेले. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

कोर्स मिळाला नाही तर कमीत कमी १०० पौंड आणि ३ पॉइंट्स. फारच वेगात असलास तर कोर्टात, आणि तिथे दंड तुझ्या आठवड्याच्या कमाईच्या प्रमाणात लागतो. तीन वर्षांत १२ पॉइंट्स झाले की सहसा लायसन्स सहा महिने बंद. पण तुझ्यासाठी आकडा १२ नाही, ६ आहे. नीट ऐक.

भारतीय लायसन्सवर तू इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालवू शकतोस. ते इथल्या लायसन्समध्ये बदलून मिळत नाही. ज्या देशांशी तसा करार आहे त्यांच्यात भारत नाही. म्हणजे लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा नव्याने. त्या पास झालास की पुढची दोन वर्षं तू कायद्याने ‘नवा चालक’, मग पुण्यात पंधरा वर्षं का चालवलेली असेना. त्या दोन वर्षांत ६ पॉइंट्स झाले की लायसन्स रद्द, आणि पुन्हा ‘एल’ लावून पहिल्यापासून. मोबाइल हातात धरून सापडलास तर एकाच फटक्यात ६ पॉइंट्स आणि २०० पौंड. एनआयपीला २८ दिवसांत उत्तर दिलं नाहीस तरी ६. म्हणजे तीन पॉइंट्सची चूक निस्तरायचा आळस केलास, तर आख्खं लायसन्स जातं.

आळसही नेहमी आपलाच असतो असं नाही. माझ्या एका मैत्रिणीने घर बदललं. लायसन्सवरचा पत्ता लगेच बदलला आणि काम झालं असं समजली. पण गाडीचं लॉगबुक, म्हणजे नोंदणीचा कागद, वेगळं असतं आणि पत्र लॉगबुकावरच्या पत्त्यावर जातं. तिची तीन पत्रं जुन्या फ्लॅटच्या दाराआड पडून राहिली. तिच्या गैरहजेरीत कोर्टात निकाल लागला, सहा पॉइंट्स पडले, शेकड्यांत दंड झाला, आणि तिला कळलं ते विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी. अशा वेळी कळल्यापासून २१ दिवसांत ‘मला या खटल्याची माहितीच नव्हती’ असं शपथेवर सांगून प्रकरण पुन्हा उघडता येतं. तिने ते केलं, पण दोन महिने झोप उडाली. पत्ता दोन्हीकडे बदल. फुकट आहे, ऑनलाइन होतं. न बदलल्याचा दंड मात्र १,००० पौंडांपर्यंत आहे.

तुझे मित्र चौदा दिवसांची गोष्ट सांगतील, ‘पत्र चौदा दिवसांत आलं नाही तर फाडून टाक’. अर्धं खरं आहे. पहिली सूचना गाडीच्या नोंदणीकृत मालकापर्यंत चौदा दिवसांत पोचावी लागते. गाडी भाड्याची किंवा कंपनीची असली तर ती आधी त्यांच्याकडे जाते, ते तुझं नाव कळवतात, आणि तुला पत्र महिन्यानेही येऊ शकतं. शिवाय भाड्याची कंपनी नाव कळवल्याचे पैसे वेगळे कापते.

दुसरी ऐकीव गोष्ट म्हणजे ‘दहा टक्के अधिक दोन’, म्हणजे मर्यादेवर दहा टक्के आणि वर दोन मैल होईपर्यंत सूट. ३० ला ३५, ७० ला ७९ पासून कारवाई करावी, असं पोलिसांचं मार्गदर्शक सूत्र आहे खरं, पण तो तुझा हक्क नाही. त्याच्या भरवशावर ३४ ने चालवू नकोस. गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, थोडा जास्तच दाखवतो, तेवढी सवलत पुरे. आणि कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून पुढे पळायची युक्ती सरासरी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांपुढे चालत नाही. मोटरवेवर काम चालू असलं की पिवळे खांब दिसतात. या खांबापाशी नंबर टिपला, त्या खांबापाशी टिपला, भागाकार केला, संपलं. रात्री अकराला, एकही कामगार दिसत नसताना, मोकळ्या मोटरवेवर आठ मैल ५० ने जायचं. मला हे अजून जमत नाही, म्हणून मी क्रूझ कंट्रोल लावते आणि स्वतःशी पुटपुटते.

हे कॅमेरे पैसे ओढण्यासाठीच आहेत का? वेगाचे, माझ्या मते नाहीत. तो दंड सरकारी खजिन्यात जातो, पोलिसांना त्यातून थेट मिळत नाही, कोर्सच्या फीमधला मात्र काही भाग मिळतो. २००७ पर्यंत दंडातूनच कॅमेऱ्यांचा खर्च भागवायची पद्धत होती आणि लोकांच्या मनातला संशय तिथून आलेला आहे. बस लेनबद्दल मात्र मी एवढी उदार नाही. ते पैसे कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, जातात, पाट्या वाचायला पीएचडी लागते, आणि अनोळखी गावात डावीकडे वळलास की गेलास. एक बरं, त्यात पॉइंट्स नाहीत आणि चौदा दिवसांत भरलं तर निम्मे.

वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून खांबांचा तोच नियम २० चा झाला. विरोधात साडेचार लाखांहून अधिक सह्या जमल्या, नंतर काही रस्ते पुन्हा ३० ला आणले. कोर्समध्ये ऐकलेला आकडा मला पटतो: २० वर गाडी थांबायला १२ मीटर लागतात, ३० वर २३. डोक्याला पटतं. पायाला अजून नाही.

वेगाशी संबंध नसलेले काही कॅमेरे घाईत सांगते. लंडनला जुनी डिझेल गाडी नेलीस तर प्रदूषणापोटी दिवसाला १२.५० पौंड. पेट्रोल असेल तर साधारण २००६ नंतरची आणि डिझेल असेल तर २०१५ च्या सप्टेंबरनंतरची घे. लंडनजवळच्या डार्टफर्डच्या पुलावर टोल आहे पण टोलनाका नाही, दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरायचं. हीथ्रोला आईबाबांना दारात सोडलंस तरी तेच. रडारडीत हमखास विसरतो आपण, मी दोनदा विसरले आहे. दंड भरा म्हणून मोबाइलवर लिंक आली तर उघडू नकोस, वेगाची पत्रं पोस्टाने येतात.

विम्याचं विचारलं नाहीस, पण खरी झळ तिथे लागते. पॉइंट्स लायसन्सवर चार वर्षं दिसतात आणि विमा कंपन्या पाच वर्षांतलं विचारतात. नव्याने आलेल्याचा हप्ता आधीच डोळे पांढरे करणारा असतो, त्यात ही भर. विचारलं तर लपवू नकोस, अपघातानंतर सापडलं तर विमाच हात वर करतो.

आणि आल्या आठवड्यातच प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्सचा अर्ज टाक. तुझे बारा महिने नोकरी, घर, थंडी यात सरतील आणि रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख कित्येक महिने पुढची मिळते. लेखी परीक्षा आधी पास व्हावी लागते, तो अभ्यास तू विमानात बसायच्या आधीच सुरू करू शकतोस.