खेळ कोणता घ्यावा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझा मुलगा बारावीची परीक्षा देऊन नुकताच मोकळा झाला आहे. मराठ्यांच्या बाजूने लढता येईल असा एखादा संगणकावरचा खेळ त्याला हवा आहे. त्याचा एक मित्र ‘एम्पायर : टोटल वॉर’ घे म्हणतो, तर दुसरा ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’चा आग्रह धरतो. या दोहोंत फरक काय आणि आधी कोणता घ्यावा?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : दोघांनीही चांगलेच खेळ सुचवले आहेत, मात्र त्यांची गोडी निरनिराळी आहे. ‘एम्पायर’ हा 2009 सालचा खेळ. त्याची मुख्य मोहीम 1700 साली सुरू होते आणि नकाशावर युरोप व अमेरिकेबरोबर हिंदुस्थानही येतो. नकाशावर आपण करवसुली, रस्ते, सैन्यभरती आणि तह यांचा कारभार पाहायचा, आणि दोन फौजा समोरासमोर आल्या की रणांगणावर उतरून तोफा कोठे लावायच्या, घोडदळ केव्हा सोडायचे, हे स्वतः ठरवायचे. खेळाडूला निवडता येणाऱ्या सत्तांमध्ये मराठे आहेत. मुघल मात्र केवळ प्रतिस्पर्धी म्हणून समोर येतात. मराठी मुलाला याचे आकर्षण वाटले नाही तरच नवल.

एक गोष्ट मात्र त्याला आधीच सांगून ठेवावी. या खेळात 1700 सालापासूनच ‘मराठा संघ’ दाखवला आहे. प्रत्यक्षात त्याच वर्षी छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले आणि ताराबाईंनी औरंगजेबाविरुद्धच्या लढ्याची सूत्रे हाती घेतली. थोरल्या बाजीरावांना पेशवेपद मिळाले ते 1720 साली, आणि होळकर, शिंदे, गायकवाड यांची घराणी ज्या व्यवस्थेतून मोठी झाली ती त्यानंतर आकाराला आली. इंदूरच्या वाचकाला हा कालविपर्यास चटकन जाणवेल. तरीही खेळ घेऊ नये असे मी म्हणणार नाही. उलट, खेळता खेळता मुलाने खरा क्रम कोणता होता असे विचारले, तर त्या संध्याकाळी घरात फार चांगले बोलणे होईल.

‘युरोपा’ 2013 सालचा आहे आणि तो 1444 पासून सुरू होतो. त्या वेळी मराठ्यांचे राज्य नव्हतेच, त्यामुळे दुसऱ्या एखाद्या राज्यापासून आरंभ करून, ठरावीक अटी पूर्ण करून ते उभे करावे लागते. येथे लढाई हाताने लढता येत नाही. सेनापतीचे गुण, फौजेचा प्रकार, भूप्रदेश आणि आकडे यांवर तिचा निकाल लागतो. खरा रस व्यापार, सोयरिकी, धर्म आणि कर्ज यांच्या गुंत्यात आहे. खेळ शिकायलाच बराच वेळ जातो, शिवाय त्याच्या अनेक पुरवण्या वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. हिंदुस्थानावर भर देणारी ‘धर्म’ ही पुरवणी 2018 साली आली. म्हणून आधी ‘एम्पायर’ घ्यावा. त्यात लढायांपेक्षा नकाशावरच्या कारभारातच मुलगा जास्त रमला, तर ‘युरोपा’ त्याच्यासाठीच आहे असे समजावे.

प्रश्न : मी साठी ओलांडली आहे. मोबाईलवर जाहिरातींचा मारा नसलेला, घाई न करणारा खेळ सुचवाल का?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ‘मॉन्युमेंट व्हॅली’ घ्यावा. 2014 साली आलेल्या या खेळात डोळ्यांना फसवणाऱ्या इमारती फिरवून एका छोट्या राजकन्येसाठी वाट काढायची असते. घड्याळाचा धाक नाही आणि हरण्याची भीतीही नाही. तो काही बैठकांत संपतो, हीच काहींची तक्रार असते. आपल्याला मात्र ती सोय वाटेल. आवडल्यास 2017 सालचा दुसरा भाग पाहावा, त्यात आई आणि मुलीची कथा आहे.

प्रश्न : खेळ घेण्यापूर्वी मी ‘स्टीम’ या संगणकावरचे खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावरील खेळाडूंची मते वाचतो, पण एक जण डोक्यावर घेतो तर दुसरा पैसे वाया गेले म्हणतो. विश्वास कोणावर ठेवावा?
— एक विद्यार्थी, भंवरकुआं, इंदूर

उत्तर : मताच्या आधी मत देणाऱ्याकडे पाहावे. स्टीमवर प्रत्येक अभिप्रायासोबत त्या खेळाडूने तो खेळ किती तास खेळला हे दिलेले असते. अर्ध्या तासात कंटाळलेल्या माणसाचे म्हणणे खोटे नसते, परंतु ते फक्त खेळाच्या आरंभापुरते खरे असते. उलट, शेकडो तास खेळून ‘घेऊ नका’ असे लिहिणाऱ्याचा राग अनेकदा एखाद्या ताज्या बदलावर असतो. तो बदल नवख्या खेळाडूला जाणवेलच असे नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. ‘नो मॅन्स स्काय’ 2016 च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा, आश्वासन दिलेल्या अनेक गोष्टी त्यात नाहीत म्हणून खेळाडूंनी त्याच्यावर कठोर टीका केली, आणि ती रास्तच होती. त्यानंतर निर्मात्यांनी वर्षानुवर्षे विनामूल्य सुधारणा दिल्या. त्यामुळे आज तो घेऊ पाहणाऱ्याने 2016 चे अभिप्राय वाचून निर्णय घेतला, तर तो आता अस्तित्वात नसलेल्या खेळाविषयी निर्णय घेत असेल. म्हणून ‘अलीकडील’ आणि ‘सर्व’ अशा दोन्ही अभिप्रायांचे निकाल ताडून पाहावेत.

मला स्वतःला सर्वांत उपयोगी वाटतात ते शिफारस करूनही उणिवा सांगणारे अभिप्राय. ‘कथा सुंदर आहे, पण मधल्या टप्प्यात तीच ती कामे करावी लागतात’ असे कोणी लिहिले असेल, तर ती कामे आपल्याला चालतील का, एवढेच स्वतःला विचारावे लागते. एवढे करूनही निवड चुकलीच, तर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळले असल्यास स्टीमकडे पैसे परत मागता येतात. म्हणून ते पहिले दोन तास सलग आणि लक्ष देऊन खेळावेत.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा यांना एकत्र खेळण्यासाठी मैत्रिणीने ‘इट टेक्स टू’ सुचवला. घ्यावा का?
— एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर : दोघांनी मिळून खेळण्याचा इतका कल्पक खेळ क्वचितच होतो. 2021 साली ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तो वर्षातला सर्वोत्कृष्ट खेळ ठरला. तो एकट्याने खेळताच येत नाही. प्रत्येक टप्प्यावर दोघांच्या हाती वेगवेगळी साधने येतात, आणि एकाने हातोडा सांभाळला तर दुसऱ्याने खिळे फेकायचे, अशा रीतीने एकमेकांशी बोलल्यावाचून पुढे सरकताच येत नाही. भावंडांसाठी याहून चांगले काय?

तरीही आपल्या मैत्रिणीने कथेविषयी काही सांगितले नसेल, तर ते येथे सांगणे मी आवश्यक समजतो. कथा घटस्फोटाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या नवरा-बायकोची आहे; त्यांच्या लहान मुलीच्या अश्रूंमुळे ते बाहुले होतात. मध्ये एका खेळण्यातल्या हत्तीचा प्रसंग येतो. हे आईवडील त्या विनवण्या करणाऱ्या हत्तीला ओढत नेऊन निर्दयपणे वागवतात, आणि तो प्रसंग मोठ्या माणसांनाही अस्वस्थ करतो. आपली मुलगी हळवी असेल किंवा घरात वा नात्यात नुकतीच अशी ताटातूट झाली असेल, तर हा खेळ काही वर्षे लांबणीवर टाकावा आणि सध्या ‘ओव्हरकुक्ड’ आणावा. एका स्वयंपाकघरात चार जणांनी मिळून वेळेत पदार्थ तयार करायचे, एवढेच त्याचे सूत्र आहे. आरडाओरडा पुष्कळ होतो, पण रडू येण्यासारखे त्यात काही नाही, आणि आईवडिलांनाही त्यात भाग घेता येतो. मात्र घरात किती कंट्रोलर (हातात धरून खेळ चालवण्याची साधने) आहेत ते पाहून घ्यावे, कारण चौघांनी खेळायचे तर एक-दोन आणखी लागतील.