शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन खरंच काही करता येतं का, की नुसत्या सह्याच?

गावच्या शाळेच्या समितीत बोलावलंय, जावं का, असं तुम्ही विचारलंय. जा, असंच सांगेन. मी बीड जिल्ह्यातला. मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, तिथे आधी सदस्य आणि नंतर अध्यक्ष म्हणून काम केलंय. तुमच्या घरचे "कशाला नसती भानगड" म्हणतात ते अगदीच खोटं नाही. बऱ्याच गावांत समिती म्हणजे 15 ऑगस्टला झेंड्याखाली उभी राहणारी आणि वही घरी आली की न वाचता सही करून परत पाठवणारी माणसं. पण ती तशी राहते ते सदस्यांमुळे. कायद्याने तिला बरंच दिलंय.

तुमच्या भावाच्या पोराच्या इंग्लिश मीडियममध्ये 'पीटीए' असतं ते हेच का, असं तुम्ही विचारलंय. नाही, ते वेगळं. खासगी शाळांचा पालक-शिक्षक संघ राज्याच्या 2011 च्या फी नियंत्रण कायद्यातून येतो. त्यात प्रत्येक पालक आपोआप सदस्य असतो, कार्यकारी समितीसाठी इच्छुक पालकांच्या चिठ्ठ्या काढतात, आणि त्या समितीचे अध्यक्ष असतात खुद्द प्राचार्य. तिथला खरा मुद्दा फीचा. तुम्हाला बोलावलंय ती समिती शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 ची. इथे अध्यक्ष पालकांमधलाच होतो आणि मुख्याध्यापक सदस्य-सचिव. म्हणजे बैठक बोलावणं आणि इतिवृत्त लिहिणं हे काम हेडसरांचं, पण खुर्ची पालकाची. हा फरक लहान वाटतो, पण पहिल्याच वादाच्या वेळी किती मोठा आहे ते कळतं.

आपल्याकडे समितीत 12 ते 16 सदस्य असतात. त्यातले तीन चतुर्थांश पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. उरलेल्यांत ग्रामपंचायतीचा एक सदस्य, एक शिक्षक, आणि गावातला शिक्षणाची जाण असलेला एखादा माणूस. पालकांची निवड पालकसभेत व्हायला हवी. तुम्हाला नुसता फोन करून "तुमचं नाव टाकलंय" असं सांगितलं असेल, तर सभा झाली का ते आधी विचारा. आणि महिला सदस्यांच्या जागी त्यांचे नवरे येऊन बसत असतील तर पहिल्याच बैठकीत बोला. आमच्याकडे हा प्रकार सर्रास होता. एका बाईंनी नवऱ्याला दारातूनच परत पाठवलं, त्यानंतर बाकीच्याही येऊ लागल्या.

आता सह्यांचं. सही करायला हरकत नाही, पण कशावर करतोय ते वाचून करा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10 हजार, 31 ते 100 ला 25 हजार, त्यापुढे 50, 75 हजार असं चढत एक लाखापर्यंत. लाइट बिल, खडू, डागडुजी, स्वच्छता सगळं त्यातच. रक्कम फार नाही, म्हणून तर ती कशावर गेली हे पाहायचं. ठराव आधी, खर्च नंतर, आणि पावती वहीला जोडलेली, एवढा शिरस्ता पडला तरी पुष्कळ. प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत, शेवटच्या ठरावाच्या खाली कोरी जागा सोडून सह्या घ्यायची पद्धत असेल तर त्या जागेवर आडवी रेघ मारायला सांगा. हेडसरांवर अविश्वास म्हणून नव्हे. उद्या चौकशी लागली तर ती रेघ त्यांनाही वाचवते. आमच्या सरांना सुरुवातीला राग आला होता, नंतर तेच स्वतःहून रेघ मारायचे.

पण मला खरं लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर, कारण आमच्या गावात समितीची गरज तिथे लागली. आमचं गाव ऊसतोडीचं. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघाल्या की गाव अर्धं रिकामं होतं, ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको दोघांचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, मग लहान पोर सांभाळायला मोठी पोरगीही सोबत न्यायची. तिची शाळा तिथेच थांबते. बरं, समितीतले बरेचसे पालकही त्याच टोळ्यांत. कागदावर सोळा सदस्य, आणि डिसेंबरच्या बैठकीला सरपंचांचा माणूस, हेडसर आणि किराणा दुकानदार.

अशा गावांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. नाव वसतिगृह, पण इमारत वगैरे नसते. मुलं आपल्याच घरी आजी-आजोबांकडे किंवा चुलत्यांकडे राहतात, दुपारचा आहार शाळेत असतोच, आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण या योजनेतून मिळतं. चालवायची शाळा व्यवस्थापन समितीने. यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट यादी. टोळ्या गेल्यावर यादी करायला बसलात तर उपयोग शून्य, कारण पोरं तोवर फडावर पोचलेली असतात. आम्ही गणपती ते नवरात्र या काळात घरोघर फिरायचो. कोण जाणार, पोर कुणाकडे ठेवणार, ठेवणार नसाल तर का नाही. शिक्षकांनी विचारलं की लोक "बघू" म्हणायचे. स्वतः दोन हंगाम तोडीला गेलेली बाई विचारायला गेली की खरं सांगायचे.

आईबाप गावात नसतील तर आजीला पालक म्हणून बैठकीला बोलवा, असा ठराव आम्ही केला. त्या ठरावाचा सगळ्यात मोठा फायदा अनपेक्षित होता. एक म्हातारी पहिल्याच बैठकीत म्हणाली, "दोन टाइम खायला घालताल, पण रातच्याला ताप आला तर म्या कुणाला हाक मारू?" याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग एक कागद केला: कोणतं पोर कोणत्या घरात झोपतं, शेजारी मोटरसायकल कुणाकडे आहे, आईबाप कुठल्या कारखान्याच्या हद्दीत आहेत आणि मुकादमाचा नंबर काय. तो वर्गात दाराच्या मागे चिकटवला होता. कुठल्याही परिपत्रकात तो मागितलेला नाही, पण वर्षभरात सगळ्यात जास्त वापरला गेला तो कागद.

पैशांचं मात्र आधीच सांगून ठेवतो. अनुदान वेळेवर येईल असं धरून चालू नका. तोवर किराणा उधारीवर आणावा लागतो आणि उधारी अध्यक्षाच्या नावावर चढते. दुकानदाराशी आधी बोलून घ्या.

जी पोरं सोबत जातातच, त्यांना निघायच्या आधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक द्यायला लावा. ते दाखवलं की तिकडच्या शाळेत बसता येतं. आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. पालकांना हे माहीत नसतं.

तुमचं गाव ऊसतोडीचं नसेल, तर सुरुवात खिचडीपासून करा. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल असं प्रमाण आहे. सहावी ते आठवीला दीडपट. म्हणजे साठ लहान मुलं जेवली तर सहा किलो तांदूळ आणि सव्वा किलोच्या आसपास डाळ शिजायला हवी. हे आकडे डोक्यात ठेवून एखाद्या दिवशी न सांगता अकरा वाजता जा, तांदूळ मोजताना शेजारी उभे राहा, मुलांच्या आधी चव घ्या आणि चव नोंदवहीत खरं ते लिहा. रोज "उत्तम" लिहिलेल्या वहीला काही अर्थ नसतो. स्वयंपाक करणाऱ्या ताईंवर मात्र तोंडसुख घेऊ नका. त्यांचं मानधन तुटपुंजं असतं, तेही उशिरा मिळतं, आणि भाजी कमी असण्यात बहुतेक वेळा त्यांचा हात नसतो.

एका गोष्टीपासून सांभाळून राहा. समितीचं काम म्हणजे लोकवर्गणी, असं समीकरण व्हायला वेळ लागत नाही. रंगरंगोटी, टीव्ही, गेट, गेटवर देणगीदारांची नावं. हे वाईट नाही, शिरूरच्या वाबळेवाडीसारखी शाळा लोकसहभागातूनच उभी राहिली. पण ज्या शाळेत तिसरीतल्या पोराला दोन ओळी वाचता येत नाहीत, तिथे वर्गणीच्या बैठका तीन आणि वाचनावर एकही नाही, हे मी शेजारच्या गावांत पाहिलंय. वाचनाचा विषय निघाला की हेडसरही अवघडतात आणि पालकही. तरी काढा. मुलांना समोर बसवून परीक्षा घेत बसू नका, "कोणाला अजून वाचता येत नाही आणि त्याच्यासाठी काय करताय?" एवढं शिक्षकांना विचारा आणि उत्तर वहीत लिहून घ्या.

वेळ किती जातो हेही तुम्ही विचारलंय. बैठक महिन्यातून एक व्हायला हवी, ती बाजाराच्या दिवशी किंवा मजुरीच्या वेळेत ठेवू देऊ नका, संध्याकाळी ठेवायला सांगा. मुदत दोन वर्षांची. तालुक्याला पंचायत समितीत हेलपाटे होतात, त्याचं पेट्रोल आपलंच.